आजी म्हणतात तबकडी अडकली: फिलिप ग्लासबद्दल एका आईला उत्तर

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या एका आईचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. पियानोची सहावी ग्रेड झाली आहे, त्याआधी आजोबांकडे चार वर्षं तबला. गेले सहा महिने तो फिलिप ग्लास नावाच्या अमेरिकन संगीतकाराशिवाय काही वाजवत नाही. आजी सोसायटीत गीतापठणाचा वर्ग घेतात, त्या म्हणतात, ‘तबकडी अडकली वाटतं याची.’ पियानोचे सर म्हणतात, हे खरं क्लासिकल नव्हे, हात बिघडेल. मुलगा म्हणतो, मला असाच कंपोझर व्हायचंय. तर हा माणूस खरंच मोठा आहे का, स्वभावाने कसा आहे, त्याने पोट कसं भरलं, आणि मुलाला सांगायचं काय?

ताई, मी नौपाड्यात २६ वर्षं पियानो शिकवते आहे आणि त्याआधी नऊ वर्षं तबला शिकले. मुलीच्या जातीला तबला कशाला, इथपासून ते चांगला चाललेला तबला सोडून हे पेटाड कशाला, इथपर्यंत सगळं ऐकून झालंय. त्यामुळे तुमच्या घरातलं भांडण मला परकं नाही. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

ग्लासबद्दल मी एकेरीत लिहिणार आहे, राग नसावा. माणूस १९३७ सालचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. पण ज्याच्याशी रोज सकाळी उठून बोटांनी झटापट करायची, त्याला अहो-जाहो करणं मला जमत नाही. भीमसेन, लता, सचिन म्हणतो ना आपण, तसंच हे.

मोठा आहे का, तर आहे. वीस-पंचवीसच्या वर ऑपेरा (म्हणजे गाऊन सादर होणारी नाटकं), डझनाहून जास्त सिंफनी, चित्रपटांच्या संगीतासाठी तीन वेळा ऑस्करचं नामांकन, ‘द ट्रुमन शो’साठी गोल्डन ग्लोब. पण अशा यादीने आजींचं समाधान व्हायचं नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. पुरस्कार कोणालाही मिळतात. त्यांच्या कानाला जे खुपतंय त्याबद्दल बोलू.

कोणी तबला न ऐकलेला माणूस तबल्याचा कायदा, म्हणजे ठरावीक बोलांचा विस्तार, ऐकायला बसवा. ‘धाति धागे नधा तिरकिट’ सुरू झालं की पाच मिनिटांत तो म्हणेल, हे काय तेच तेच? तुमचे सासरे मात्र प्रत्येक पलट्याला मान हलवतील, कारण त्यांना दिसतंय की तुकडा कुठे वाढला, कुठे कापला, कुठे उलटला. ग्लासचं सुरुवातीचं संगीत हे असं ऐकायचं असतं. १९६८ सालची त्याची ‘टू पेजेस’ नावाची रचना आहे. पांढरी एक सा धरा. खालचा पंचम, सा, रे, कोमल गंधार, मध्यम. एवढे पाचच स्वर, सगळे सारख्या लांबीचे, खाली कॉर्ड नाही, साथ नाही. हे पाच स्वर फिरवत राहायचे. मग एका क्षणी त्या पाचांच्या शेपटाला त्यांतलेच पहिले चार जोडायचे: पाच-चार. ते फिरवायचं. मग पाच-चार-तीन. मग पाच-चार-तीन-दोन. आजोबांना विचारा याला काय म्हणतात. गोपुच्छा यती म्हणतील: गाईच्या शेपटासारखं, वर जाड आणि खाली निमुळतं. मी ही रचना पहिल्यांदा वहीत उतरवून बघितली तेव्हा समासात पेन्सिलीने हेच लिहिलं होतं. ती वही अजून आहे.

हे कुठून आलं, याची हकिगत ग्लासने स्वतः अनेकदा सांगितलेली आहे. १९६५च्या सुमारास तो पॅरिसमध्ये शिकत होता, पैशांची ओढाताण होती. ‘चापाक्वा’ नावाच्या चित्रपटाचं संगीत रविशंकर करत होते आणि ध्वनिमुद्रणाला फ्रेंच वादक होते. हे वादक कागदावर बघून वाजवणारे, रविशंकर तोंडी सांगणारे. मधला दुभाष्या म्हणून ग्लासला घेतलं. रविशंकर गाऊन दाखवणार, ग्लास ते पाश्चात्य लिपीत उतरवून वादकांना देणार. त्या लिपीत दर काही मात्रांनंतर उभी रेघ मारतात, बारलाइन. आणि रेघेनंतरचा पहिला स्वर वादक सवयीने जरा ठासून वाजवतो. झालं, दर वेळी जोर भलत्याच जागी. उस्ताद अल्लारखां तबल्यावर बसलेले, ते पुन्हा पुन्हा सांगत की जोर चुकतोय. ग्लास रेघ इकडची तिकडे करून बघे, तरी चूक. शेवटी वैतागून त्याने सगळ्या उभ्या रेघा खोडल्या. खोडल्यावर कागदावर नुसती स्वरांची माळ उरली, आणि त्या माळेत दोन-दोन, तीन-तीनचे पुंजके होऊन ते एका आवर्तनात बसताना त्याला दिसले. पुढे न्यूयॉर्कला परतल्यावर तो काही काळ अल्लारखांकडे तबलाही शिकला.

आता माझं मत. ग्लासला जे समजलं ते अर्धवट होतं. त्याने निष्कर्ष काढला की पाश्चात्य संगीत काळाचे तुकडे पाडतं आणि भारतीय संगीत लहान लहान तुकडे जोडून काळ उभारतं. आपण दुगुन, तिगुन, चौगुन करतो तेव्हा एका मात्रेचे तुकडेच पाडतो की. शिवाय समेवर येण्याची जी ओढ आपल्या संगीतात आहे, ती त्याच्या सुरुवातीच्या रचनांत नाहीच. तीनदा म्हणून समेवर आणणारी तिहाई नाही, सम नाही, कोणी ‘वाः’ म्हणावं अशी जागा नाही. पण त्या अर्धवट समजुतीतून त्याने जे उभं केलं ते त्याचं स्वतःचं होतं. पूर्ण समजलं असतं तर कदाचित एक मध्यम दर्जाचा तबलजी झाला असता. हे मी थोडं दुखऱ्या अनुभवानेच म्हणते आहे.

बरं, अर्धवट समज म्हणजे अर्धवट शिक्षण असं मुलाला वाटू देऊ नका. मला या मुलांशी सगळ्यात जास्त वाद घालावा लागतो तो इथे. त्यांना वाटतं, ग्लास म्हणजे सोपे कॉर्ड डाव्या हातात मोडून वाजवले की झालं, मोबाइलवर रेकॉर्ड केलं की कंपोझर. त्याचं शिक्षण बघा. पंधराव्या वर्षी शिकागो विद्यापीठात, तिथे गणित आणि तत्त्वज्ञान. एकोणिसाव्या वर्षी पदवी. मग न्यूयॉर्कचं जुलियार्ड, १९६२ साली तिथली पदव्युत्तर पदवी. त्यानंतर पिट्सबर्गच्या सरकारी शाळांमधल्या मुलांच्या वाद्यवृंदांसाठी रचना लिहिण्याचं काम. आणि एवढं सगळं झाल्यावर पॅरिसला नादिया बुलांजे नावाच्या बाईंकडे, तर त्या बाईंनी त्याला पुन्हा पहिलीत बसवलं. काउंटरपॉइंटचे अगदी सुरुवातीचे धडे, म्हणजे एका ओळीखाली दुसरी ओळ लिहिणे, एकास एक, मग एकास दोन, एकास चार. तिशीला टेकलेला, पदव्या घेतलेला माणूस आठवड्याला पानंच्या पानं भरून नेतोय आणि बाई त्यातले लपलेले समांतर पंचम, म्हणजे या धड्यांत चूक मानली जाणारी चाल, लाल करून परत देताहेत. पहिल्याच भेटीत त्याच्या जुन्या रचनांच्या चळतीतल्या एका ठिकाणी त्यांनी बोट ठेवलं आणि हे खऱ्या संगीतकाराने लिहिलंय असं म्हणाल्या. त्यानंतर दोन वर्षांत कौतुक नाही. आपल्याकडच्या जुन्या गुरूंच्या गोष्टी आणि ही गोष्ट शेजारी ठेवा, सुई तेवढी वेगळी, टाका तोच.

मुलाची सहावी ग्रेड ट्रिनिटी या परीक्षामंडळाची असेल तर थिअरीची परीक्षा बहुधा दिलेलीच नसेल, कारण तिथे सक्ती नाही. एबीआरएसएम या दुसऱ्या मंडळात सहावीला बसण्याआधी थिअरीची पाचवी लागते. परीक्षा कुठलीही असो, वही हवी. रोज आठ बारचा एक चार आवाजांचा तुकडा, पेन्सिलीने, कॉम्प्युटरवर नाही. कॉम्प्युटर चुकीचं लिहिलेलंही गोड वाजवून दाखवतो, तोच घोटाळा.

आता पोटाचा प्रश्न. तो तुम्ही जरा दबकत विचारलाय असं मला वाटलं, मला मात्र त्याबद्दलच सगळ्यात जास्त सांगायचंय.

ग्लासच्या वडिलांचं बाल्टिमोरला रेडिओ दुरुस्तीचं आणि रेकॉर्डचं दुकान होतं. ज्या रेकॉर्ड खपत नसत त्या वडील घरी आणत आणि रात्री लावून ऐकत, लोक या का घेत नाहीत हे शोधायला. त्यात बीथोवनच्या चार तंतुवाद्यांच्या रचना, क्वार्टेट, असत, रशियन संगीतकार शोस्ताकोविच असे. ऐकता ऐकता वडिलांना तेच आवडायला लागलं, आणि जिन्यात बसून पोरगा ऐकायचा. पुढे तोच पोरगा दुकानात मदतीला. गिऱ्हाईक पैसे देतं, आपण संगीत देतो, हे त्याने गल्ल्यावर उभं राहून पाहिलं होतं. त्यामुळे संगीताचे पैसे मागताना त्याला कधी लाज वाटली नाही.

आपल्याला वाटते. आपला शब्दच बघा, मानधन. मान आधी, धन नंतर, आणि बऱ्याचदा पहिला शब्द येऊन पोहोचतो, दुसरा रस्त्यातच राहतो. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या संकुलाच्या कार्यक्रमात मी दोन तास वाजवलं होतं, स्वतःचा कीबोर्ड टेम्पोने नेऊन. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, टेम्पोचे पैसे मी भरले. दोष त्यांचा अर्धा. आधी ठरवलं नाही हा माझा अर्धा.

ग्लासने काय केलं? १९६८च्या सुमारास स्वतःचा संच काढला. दोन-तीन इलेक्ट्रिक ऑर्गन, सॅक्सोफोन, एक गायिका, आणि ध्वनी सांभाळणारा माणूस संचाचाच सभासद. चित्रकारांच्या मोठाल्या रिकाम्या गाळ्यांमध्ये, कलादालनांत वाजवायचं. कारण मोठ्या सभागृहांत कोणी उभं करत नव्हतं. आणि त्या संचासाठी लिहिलेल्या रचनांचे कागद तो दुसऱ्या कोणाला वाजवायला देत नसे. ते संगीत ऐकायचं असेल तर आम्हालाच बोलवा. लोकांना हा हट्टीपणा वाटला. त्यातून संचातल्या लोकांना काम मिळत राहिलं. हक्क स्वतःकडे ठेवण्यासाठी स्वतःची प्रकाशनसंस्था, पुढे स्वतःची रेकॉर्ड कंपनी. हे आपल्या मुलांना कोणी शिकवत नाही. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, चित्रपटासाठी केलेल्या गाण्याच्या पुढच्या वापरावर संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा असतो आणि तो करारात लिहून काढून घेता येत नाही. पहिलं जिंगल केलं की आयपीआरएसचं, म्हणजे रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्यावं, हे माझ्याकडून गेलेल्या मुलांपैकी निम्म्यांना मी हात धरून सांगितलंय. उरलेल्यांनी ऐकलं नाही.

संच चालवायचा तर पैसा हवा. तो कुठून आला? न्यूयॉर्कमध्ये त्याने सामान हलवण्याचं काम केलं, त्यात स्टीव्ह राइश हा दुसरा आज प्रसिद्ध असलेला संगीतकार त्याचा भागीदार होता. त्याने नळजोडणीचं काम केलं. एकदा एका घरी भांडी धुण्याचं यंत्र बसवायला गेला, तर घर ‘टाइम’ साप्ताहिकाच्या कलासमीक्षकाचं, रॉबर्ट ह्यूजचं निघालं. ह्यूज चकित, तू तर कलावंत, इथे काय करतोस? ग्लासचं म्हणणं, मी कलावंत आहेच आणि कधी कधी प्लंबरही आहे, मला काम संपवू द्या. आणि टॅक्सी. सत्तरच्या दशकातलं न्यूयॉर्क, रात्रपाळी, तेव्हा ते काम जिवावरचं होतं.

१९७६ साली ‘आइनस्टाइन ऑन द बीच’ झाला. दिग्दर्शक रॉबर्ट विल्सनबरोबरचा ऑपेरा, जुलैत फ्रान्समधल्या आव्हिन्योंला पहिला प्रयोग, नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात. पाच तासांच्या आसपास, मध्यंतर नाही, प्रेक्षकांनी हवं तेव्हा उठावं, हवं तेव्हा परत यावं. आपल्याकडच्या रात्रभराच्या दशावतारासारखंच म्हणा. गाण्याला शब्द कोणते? ‘वन, टू, थ्री, फोर’ आणि ‘डो, रे, मी’. तालमीत लक्षात ठेवायला गायक आकडे आणि स्वरनामं म्हणत होते, तेच ठेवून दिले. परदेशात याचं केवढं नवल झालं! पढंत, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं, आणि सरगम ऐकलेल्या माणसाला त्यात काय नवल. तर मेट्रोपॉलिटनचं सभागृह भरलं, जयजयकार झाला, आणि हिशेब मांडल्यावर निर्मितीच्या डोक्यावर मोठं कर्ज निघालं. ग्लास पुन्हा टॅक्सीवर. त्या दिवसांत गाडीत बसलेल्या एका बाईने पुढे लावलेल्या परवान्यावरचं नाव वाचून त्याला सांगितलं की एका प्रसिद्ध संगीतकाराचं नाव आणि तुझं नाव एकच आहे. आमच्या इथल्या नाट्यव्यवसायातल्या लोकांना मी हे सांगते तेव्हा कोणी हसत नाही. हाउसफुल्लचा बोर्ड आणि खिशातली उधारी दोन्ही एकाच वेळी असू शकतात, हे त्यांना गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर बसून कळलेलं असतं.

टॅक्सी सुटली ती वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, हॉलंडहून पुढच्या ऑपेराचं काम मिळाल्यावर. एक्केचाळीस. मुलाला हा आकडा नीट ऐकवा. घाबरवण्यासाठी नाही. त्याच्या डोक्यात एकवीस असेल, तो काढून टाकायला.

स्वभावाने कसा, असं विचारलंत. मी त्याला भेटलेले नाही. पण एवढी वर्षं कोणाचं लिहिलेलं वाजवलं की थोडा अंदाज येतो. चिकाटीचा माणूस. सकाळी लवकर उठून लिहायला बसणारा, स्फूर्तीची वाट न बघणारा. अनेक वर्षं बौद्ध साधना, योगासनं, शाकाहार. भारतात बरेचदा येऊन गेलेला. बोलण्यात नम्र, पण मऊ समजू नका. अ‍ॅम्स्टरडॅमला सुरुवातीच्या एका कार्यक्रमात एक चिडलेला श्रोता मंचावर चढून त्याच्याच कीबोर्डवर धडाधड हात मारायला लागला. ग्लासने एका हाताने वाजवणं चालू ठेवलं आणि दुसऱ्या हाताने त्याला ठोसा लगावला. माणूस मंचाखाली, रचना पुढे चालू. आणखी एक गुण, अडचण आली की तिच्यावर रडायचं नाही, तिलाच कामाला लावायचं. ‘आखनातेन’ हा इजिप्तच्या राजावरचा ऑपेरा १९८४ साली श्टुटगार्टला व्हायचा होता. ऐन वेळी तिथलं मुख्य थिएटर दुरुस्तीला निघालं, दुसऱ्या जागी वादकांचा खड्डा लहान. याने व्हायोलिनंच काढून टाकली. त्यामुळे आवाज गडद, मातकट झाला आणि गोष्टीला तोच शोभला.

आता सरांचा मुद्दा, हात बिघडेल. यात तथ्य आहे, पण दोष ग्लासचा नाही. ग्लास मोठा कसबी पियानोवादक म्हणून कधीच गाजला नाही. पियानोच्या त्याच्या वीस एट्यूडांपैकी (एट्यूड म्हणजे सरावासाठीची रचना) पहिल्या दहा त्याने मुख्यतः स्वतःची बोटं सुधारावीत म्हणून लिहिल्या, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर हा माणूस स्वतःसाठीच गृहपाठ काढत होता. आज त्याच एट्यूड आइसलँडच्या व्हिकिंगुर ओलाफसनसारखे वादक वाजवतात आणि सोप्या वाटणाऱ्या पानात किती थर आहेत ते कळतं. तुमचा मुलगा बहुधा ‘ओपनिंग’ वाजवत असणार, १९८१-८२च्या ‘ग्लासवर्क्स’मधला. सगळे तिथूनच सुरू करतात. तेवढ्याच वेळात उजव्या हातात तीन स्वर, डाव्यात दोन, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढंच. मुलं ते गुळमुळीत करून टाकतात, पेडल दाबून ठेवतात, आणि दुसऱ्या पानापासून कोपरापर्यंतचा हात दगड होतो.

मी काय करते ते सांगते, सरांनाही दाखवा. पियानो बंद. मांडीवर दोन हात. तोंडाने म्हणायचं ‘भा-त-ह-वा’. ‘भा’ला दोन्ही हात, ‘त’ला उजवा, ‘ह’ला डावा, ‘वा’ला उजवा. भा लांब, त आणि ह आखूड, वा पुन्हा लांब. झालं तीनास दोन. तबल्यावर दीडपट लय हातात असलेल्या मुलाला हे दोन मिनिटांत येतं, पाश्चात्य पद्धतीनेच शिकलेल्याला आठवडा लागतो. एक मुलगी तर ‘भात हवा’ म्हणत जेवायच्या टेबलावर वाजवायची, आईने एकदा खरंच ताटात वाढला. तोंडात बसलं की मग पियानोवर, पेडलशिवाय, अर्ध्या आवाजात, चार ओळी. मनगट खाली पडू द्यायचं नाही, अंगठ्याने ढकलायचं नाही, आणि प्रत्येक ओळीनंतर खांदे सैल आहेत का ते बघायचं. दुखलं तर थांबायचं. दुखतंय म्हणजे प्रगती होतेय, ही व्यायामशाळेतली समजूत पियानोवर आणू नका.

जाता जाता एक, ठाण्याच्या हवेबद्दल. घरी खरा लाकडी पियानो असेल तर जून ते ऑक्टोबर ग्लास वाजवणं हा पियानोवर अन्याय आहे. दमटपणाने पट्ट्या फुगतात, दाबलेली पट्टी वर यायला वेळ लागतो, आणि तोच स्वर पुन्हा पुन्हा वाजवायचा असेल तर दर तिसरा गायब. माझ्या जुन्या उभ्या पियानोच्या पोटात पावसाळाभर मंद दिवा जळतो, पूर्वीचे ट्यूनर करत तसा. मुलाला वाटेल आपला हात चुकतोय, कधी कधी चुकत असतो तो श्रावण.

मुलाला सांगायचं काय? बारावी सोडू नको, एवढं तुम्ही सांगणारच आहात, त्यात माझी भर नको. मी एवढंच म्हणेन की तबला बंद करू नको. त्याच्या वयाच्या पियानो वाजवणाऱ्या शंभर मुलांकडे नसलेली गोष्ट त्याच्याकडे आजोबांमुळे आहे आणि तीच त्याला मागासलेली वाटत असणार. ग्लासची १९६८ सालची ‘वन प्लस वन’ नावाची रचना आहे, वाद्य काय, तर टेबलाची फळी. फळीला मायक्रोफोन लावायचा आणि बोटांनी ठोकायचं. दोनच तुकडे, एक ‘तिट धा’सारखा, दुसरा नुसता ‘धा’. ते दोन कसे जोडत न्यायचे ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. मुलाला आणि आजोबांना एकाच टेबलावर समोरासमोर बसवा आणि दहा मिनिटं हे करू द्या. मग पुढच्या आठवड्यात मुलाने तेच कागदावर लिहून आणायचं, रेघांसकट आणि रेघांशिवाय, दोन्ही. कंपोझर व्हायचं आहे की नुसतं ग्लाससारखं दिसायचं आहे, ते त्या कागदावरून मला कळेल.

नोकरीच्या अंगाने बघायचं तर या क्षेत्रात आज पैसा पार्श्वसंगीत, जाहिराती, गेम, वादकांसाठी नोटेशन लिहून देणं, आणि शिकवणं यांतून येतो, सभागृहातल्या रचनांतून क्वचित. पुढे शिकायचं तर चेन्नईला ए. आर. रहमानने २००८ साली काढलेली केएम ही संगीतशाळा आहे. ऐकण्यासाठी मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जावं, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम असतात. ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसएमटी, पुढे टॅक्सी. परतीला शेवटची गाडी बघून निघा.

राहिल्या आजी. हॉलंडहून ज्या ऑपेराच्या कामाने त्याची टॅक्सी सुटली, तो ‘सत्याग्रह’. १९८० साली रॉटरडॅमला पहिल्यांदा झाला. विषय गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, तीन अंक, प्रत्येक अंकावर वरून बघणारा एकेक साक्षी: टॉलस्टॉय, रवींद्रनाथ, मार्टिन ल्यूथर किंग. गाण्याचे शब्द मात्र सगळे भगवद्गीतेतले, संस्कृतमधलेच, भाषांतर न करता. रंगमंचावर वर्तमानपत्र छापलं जातंय, ओळखपत्रं जाळली जाताहेत, आणि गळ्यांतून श्लोक. वाद्यवृंदात तंतुवाद्यं, लाकडी सुषिरवाद्यं आणि ऑर्गन, पितळी वाद्यं नाहीत, ताशे-ढोल नाहीत. सुरुवात ‘धर्मक्षेत्रे’ने होईल असं आजींना वाटेल, तशी होत नाही. गांधीजी पहिल्या अध्यायातल्या ‘योत्स्यमानानवेक्षेऽहं’पासून गायला लागतात.

त्यांना ऐकवायचं ते शेवटचं गाणं. रंगमंच रिकामा होत गेलेला, मागे उंचावर किंग पाठमोरे, पुढे गांधी एकटे. चाल म्हणजे नुसता आरोह, खालच्या षड्जापासून वरच्यापर्यंत. पाश्चात्य लोक त्याला फ्रिजियन म्हणतात. रे, ग, ध, नी चारही कोमल. म्हणजे आपली भैरवी, आणि तीही कार्यक्रमाच्या शेवटी. ग्लासने हे आपल्या मैफलीची रीत बघून केलं असं मी म्हणणार नाही, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हार्मोनियम काढून पडताळून बघितलं होतं. तोच आरोह तीसेक वेळा चढतो, दर वेळी खालची साथ जराशी सरकते. शब्द चौथ्या अध्यायातले, ‘बहूनि मे व्यतीतानि’पासून ‘सम्भवामि युगे युगे’पर्यंत.

हेडफोन नको, हॉलमधल्या स्पीकरवर लावा, आणि आजींना आधी काही सांगू नका. परदेशी गायकाचं संस्कृत आहे, त्या दुसऱ्याच ओळीला उच्चार सुधारायला लागतील. सुधारू द्या. मुलाला शेजारी बसवा आणि आरोह नक्की किती वेळा चढला ते पेरांवर मोजायला सांगा.